कुलूप काढलं तो दसरा

आमच्या आबांना दोन अपत्यं. एक मी आणि दुसरी ती गाडी. लाड कुणाचे जास्त झाले हे कुणी विचारू नये, कारण उत्तर अंगणात ताडपत्रीखाली उभं असायचं. ताप आला तरी मला एका चादरीवर भागवावं लागे. गाडीला मात्र ताडपत्रीच्या आत एक सतरंजीही होती.

गोल पाठीची, शेवाळी रंगाची, विलायती गाडी. संस्थान विलीन झालं त्या सुमारास कुणा अधिकाऱ्याने ती विकायला काढली आणि बांधकाम खात्यात नुकतेच ओव्हरसियर म्हणून लागलेल्या आबांनी ती घेतली. म्हणजे वयाने ती माझी थोरली बहीणच. मी मोठी झाले, मुलींच्या शाळेत गणित शिकवायला लागले, आबा निवृत्त झाले, सत्तरचं दशक सरत आलं, तरी गाडी होतीच. तिचे सुटे भाग कुठे मिळत नसत. काही मोडलं की ते घडवून घ्यावं लागे, आणि घडवून येईपर्यंत आबा घरात कुणाशी धड बोलत नसत.

मला गाडी चालवायला आबांनीच शिकवलं, कसबा बावड्याकडच्या मोकळ्या माळावर. लायसनही काढून दिलं. ते लायसन कपाटात माझ्या मॅट्रिकच्या सर्टिफिकेटाखाली पडून होतं, कारण आबा स्टिअरिंगवरून उठतच नसत. "तू मागं बस, वह्या तपास," एवढंच. मी मागे बसून वह्या तपासायची. पुढे आबा आणि त्यांच्या डाव्या हाताला आई. आईचं तोंड घरापासून मुक्कामापर्यंत बंद म्हणून नसायचं. "बैलगाडी आली. म्हस बसलीय मधी. पोरगं पळालं बघा. सायकल, आवो, सायकल!" रेडिओवर कुस्तीचं वर्णन चालावं तसं. माझं डोकं उठायचं. एकदा मी चिडून म्हटलं, "आई, गाडी तू चालवतेस का आबा?" तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तू तुझ्या बेरजा बघ."

दसऱ्याला आबा कागलला जात. तिथे त्यांची थोरली बहीण, माझी आत्ती. आईवेगळ्या आबांना तिनेच वाढवलं होतं. दसऱ्याचं सोनं आधी तिच्या हातात द्यायचं, तिच्या पाया पडायचं आणि मग बाकीच्या जगाकडे बघायचं, असा त्यांचा नेम. आणि जायचं ते स्वतः गाडी चालवत. आत्ती हॉर्न ऐकून दारात यायची. आदल्या वर्षी मात्र ती दारात आली नाही, अंथरुणावरच होती. आबांचा हात धरून म्हणाली, "फुडच्या दसऱ्याला लवकर ये रं. मी थांबते." आता तर डॉक्टरांनीही हात टेकले होते. तेव्हा या दसऱ्याला कागलला पोचणं ही आबांच्या दृष्टीने साधी गोष्ट राहिली नव्हती.

अष्टमीच्या सकाळी आबा गाडी धुवायला अंगणात गेले आणि परत आले ते ओरडतच. "किल्ली कुठाय?"

किल्ली दारामागच्या खुंटीवर असायची. खुंटीवर फक्त खुंटी होती. नवरात्र बसल्यापासून गाडी बाहेर काढलेली नव्हती, त्यामुळे किल्ली नेमकी कधी गेली हे कुणालाच सांगता येईना. मग सुरू झाली शोधाशोध. आबांनी कोटाचे खिसे उलटे केले, मग माझी पर्स उलटी केली. किल्ली माझ्या पर्समध्ये का असेल, असं मी विचारलं, तर म्हणाले, "मग कुणाच्या पर्समध्ये असंल?" याला काय उत्तर द्यायचं? आई तर इतक्या निगुतीने शोधत होती की मला तिची दया आली. तिने तांदळाचा डबा परातीत ओतला, गाद्या उसवायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या. देवघरात तेवढं कुणी शोधलं नाही. तिथे पत्रावळीवर माती घालून, धान्य पेरून घट बसवलेला, आणि घट एकदा बसला की दसऱ्यापर्यंत तो हलवायचा नसतो.

दुसरी किल्ली? ती गाडीच्या पहिल्या मालकाकडेच राहिली होती आणि तो मालक कधीच वारला होता. कुलपाच्या तोंडावर बारीक अक्षरांत एक नंबर कोरलेला असतो, त्यावरून मुंबईत नवी किल्ली करून मिळते, असं मला कुणीतरी सांगितलं. मी आशेने जाऊन पाहिलं. नंबर नव्हताच. आबांनी इतकी वर्षं दर रविवारी ते पितळ घासून इतकं लख्ख केलं होतं की आकडे पुसून गेले होते. मी तशीच घरात परत आले. बोलले असते तर सण नासला असता.

तो आबांनीच नासवला. दुपारी सगळे जरा पडलेले बघून त्यांनी आईच्या ट्रंकेची किल्ली गाडीच्या कुलपात घालून फिरवली. ती फिरली नाही, मोडली. टोक आत राहिलं आणि दांडी त्यांच्या हातात. म्हणजे आता खरी किल्ली सापडली तरी ती आत जाणार नव्हती, आणि आईच्या ट्रंकेतलं दसऱ्याला नेसायचं लुगडंही ट्रंकेतच राहणार होतं. आई त्या दांडीकडे बघत राहिली. मला वाटलं, लुगड्याचं वाईट वाटतंय.

"आबा, एसटी आहे," मी म्हटलं. "स्टँडवर उभं राहिलं की कागलची गाडी मिळते."

"मी आक्काकडे एसटीनं जाऊ? ती हॉर्नची वाट बघत असंल." सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, आमच्या घरात अजून सुंभही जळाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. ज्यांनी कोल्हापुरात खंडेनवमीला मिस्त्री शोधलाय त्यांनाच माझं दुःख कळेल. त्या दिवशी सगळ्या गावाची हत्यारं पाटावर बसलेली असतात. मी सकाळी उठून आबांचा स्क्रू ड्रायव्हर तरी घ्यावा म्हणून गेले, तर आईने माझ्याही आधी उठून सगळी पूजा मांडलेली. स्क्रू ड्रायव्हर, पाने, पक्कड, हातोडी, विळी, कातर, अडकित्ता, सगळ्यांना हळद-कुंकू आणि झेंडूचं फूल. सायकलसुद्धा सुटली नव्हती. दरवर्षी ती विळी आणि कातर मांडून मोकळी व्हायची. "यंदा एवढं सगळं?" मी विचारलं. "मन झालं," ती म्हणाली. "आणि आज कशाला हात लावायचा न्हाई."

मी उद्यमनगरात गेले. आबांची गाडी बघणारा मिस्त्री तिथला. मुसलमान, बापापासून मोटारींच्या कामातलं घर. त्याचा बाप संस्थानच्या मोटारखान्यात होता. शेडमध्ये पोत्यावर पाने ओळीने मांडलेले, त्यावर गुलाल, पुढे नारळ, आणि मिस्त्री नवा सदरा घालून खुर्चीत बसलेला. असा स्वच्छ मी त्याला पहिल्यांदाच बघत होते.

"आज हत्यार उचलायचं न्हाई, अक्का. माझ्या बानं कधी उचललं न्हाई."

"अहो, पण तुम्ही..." मी म्हणता म्हणता थांबले.

"मी काय? पान्याला जात असती व्हय?" तो म्हणाला. "उद्या दुपारी नारळ फोडला की मंग येतो. दोन वायरी जोडतो, गाडी चालू. कागल काय, बेळगाव गाठा."

मी हा निरोप घरी आणला. आबा खवळले. "वायरी जोडून? चोरानं पळवल्यासारखी? माझी गाडी माझ्या दारात अशी चालू व्हायची न्हाई. कुलूप रीतसर काढायचं, रीतसर बसवायचं." घर जळत असतं तरी आबांनी बादली रीतसर भरली असती.

दसऱ्याच्या दुपारी मिस्त्री आला, आणि आला तोच आईच्या तावडीत सापडला. "सणाचं माणूस दारात आलंय, उपाशी कामाला लावू व्हय?" तिने त्याला पानावर बसवलं. पुरणपोळी, कटाची आमटी, तूप, पुन्हा पोळी. तो नको म्हणेपर्यंत वाढलं, नको म्हणाल्यावरही वाढलं. मी दारातून घड्याळाकडे बघत होते आणि आतल्या आत चडफडत होते. शेवटी तो उठला तेव्हा त्याला वाकता येईना, आणि काम तर सगळं डॅशबोर्डच्या खाली घुसून करायचं होतं. तो निम्मा गाडीत, निम्मा बाहेर, असा पडून ढेकर देत होता. बॅटरी धरायला मी.

मी गणिताची बाई. मला वाटलं होतं, चार स्क्रू काढले की कुलूप बाहेर. तसं ते नव्हतं. किल्ली जिच्यात जाते ती पितळी नळी, मिस्त्री तिला ब्यारल म्हणायचा, ती एका बारीक खिळीने अडकवलेली असते. ती खिळी बाजूच्या भोकातून तारेने दाबली की नळी सुटते. पण खिळी भोकासमोर यायला आधी नळी फिरायला हवी, आणि नळी फिरायला किल्ली हवी. म्हणजे किल्ली हरवली म्हणून कुलूप काढायचं, तर कुलूप काढायला किल्ली लागते. ज्या कुणी हे बनवलं त्याचा मला इतका राग आला की मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मिस्त्री खालून म्हणाला, "अक्का, बॅटरी हलवू नका."

मग एकच मार्ग उरला. त्याने गाडीच्या बॅटरीची वायर काढली, कुलपाच्या तोंडावरचं कडं सैल केलं आणि सगळा स्विच वायरींसकट मागून बाहेर ओढला. आबा खिडकीतून वाकून सूचना करत होते. "चरा पडू देऊ नको. रंग जाईल. हळू, हळू." मग मिस्त्रीने हाताने फिरवायचं ड्रिल घेतलं आणि किल्लीच्या भोकातच भोक पाडायला सुरुवात केली. आत मोडकं टोक होतंच, त्यावर ड्रिल घसरायचं. मी दोन हातांनी पक्कड धरून स्विच दाबून बसलेली, पातळाच्या ओच्यात पितळेचा भुगा पडतोय, वरून आबांची कटकट, आणि मधूनच आई दारात येऊन विचारतेय, "न्हाई ना निघत? राहू दे की मग." एकदा तर मी तिच्यावर ओरडलेच. "काढणार! आज हे काढल्याशिवाय मी उठणार नाही!" ती आत गेली.

आतल्या पट्ट्या एकेक कुरतडल्या गेल्या. मिस्त्रीने स्क्रू ड्रायव्हर घालून पिळला, नळी करकरत फिरली. सायकलच्या स्पोकचा तुकडा भोकात खुपसला, खिळी आत दबली आणि ती नळी माझ्या तळहातावर येऊन पडली. करंगळीच्या पेराएवढी. एवढ्याशा जिनसेने आमचा सण वेठीला धरला होता. मी ती अंगणाच्या कोपऱ्यात भिरकावून दिली.

स्विच परत जागेवर बसवला, बॅटरीची वायर जोडली. नळी नव्हती, पण तिच्यामागची खाच होती. "आता किल्ली नगंच," मिस्त्री म्हणाला. "नवं ब्यारल मिळंस्तवर स्क्रू डायवर लावा, चमच्याचा दांडा लावा, कशानं बी चालू हुतीय." आबा रुबाबात सीटवर बसले, खाचेत स्क्रू ड्रायव्हर घालून फिरवला. तांबडा दिवा लागला. त्यांनी स्टार्टरची मूठ ओढली, गाडी खोकली, आणि चालू झाली. आबा हसले. दोन दिवसांत पहिल्यांदा. मीही हसले. हात काळे, कंबर मोडलेली, पण माझ्या बापाला मी त्याच्या बहिणीकडे नेणार होते, याचा मला खरंच अभिमान वाटला.

इंजिनाचा आवाज ऐकून आई पायऱ्यांवर आली. घट उठवून आली होती. घटाच्या मातीत उगवलेलं पिवळसर हिरवं धान दसऱ्याला पुरुषांच्या टोपीत खोवतात, त्याची एक जुडी मुळांसकट तिच्या हातात होती. ती चालू गाडीकडे बघत उभी राहिली.

"बस लवकर," आबा म्हणाले.

"माझ्या हातात काय हाय?" आईने विचारलं.

आबांनी डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं. "घटाचं धान. टोपीत खोव आणि बस. आक्का वाट बघतीय."

मी बघितलं. मिस्त्रीनेही बघितलं. धानाच्या पांढऱ्या मुळांचं जाळं खाली लोंबत होतं आणि त्या जाळ्यात अडकून, मातीने माखलेली, गाडीची किल्ली लोंबत होती. तिची साखळीसुद्धा होती. दुपारचं ऊन सरळ तिच्यावर पडलेलं. आबा तिच्यापासून चार पावलांवर होते.

"किल्ली," मी म्हणाले.

"कुठाय?" आबा म्हणाले.

आई पायरीवरच बसली. "घट बसवायच्या आदल्या दिवशी बावड्याकडनं येत हुतो," ती मला म्हणाली, आबांना नाही. "मी मुद्दाम गप बसले. म्हटलं, बघावं. वळणावर सायकलवर पोरगी हुती, शाळंचा ड्रेस. तिनंच सायकल मातीत घातली म्हणून वाचली. ह्यांनी हॉर्नसुदिक वाजवला न्हाई. ह्यांना ती दिसलीच न्हाई गं. लई दिवसांपास्नं बाजूचं, बारकं कायच दिसत न्हाई. मी सांगते, हे चालवतात."

मला तो दिवस आठवला. गाडीला एक हिसका बसला होता आणि माझ्या लाल शाईची रेघ कुणाच्या तरी वहीवर आडवी गेली होती. मी रस्त्याच्या खड्ड्यांवर चिडले होते.

"सांगून ऐकणारं माणूस हाय व्हय हे?" आई म्हणाली. "म्हणून मातीत पुरली. घट कोण हलवत न्हाई. म्हटलं, दसरा टळू दे, एसटीनं जाऊ, मग बघू फुडं." तिने खाचेतल्या त्या स्क्रू ड्रायव्हरकडे बोट केलं. "एक किल्ली लपवता येत हुती. तू कुलूपच काढलंस. आता मी काय काय लपवू? घरातलं सगळं चमचं?"

मिस्त्री आपली हत्यारं पोत्यात भरायला लागला. एकेक पाना नको तितका हळू ठेवत होता. गाडी थरथरत उभी होती.

"मला दिसतंय की," आबा म्हणाले. मोठ्याने नाही.

मग ते उतरले. बॉनेटवर हात ठेवून, हाताखाली गाडी चाचपत, पुढून वळसा घालून डाव्या बाजूला गेले. दार त्यांना एकदम सापडलं नाही. मी पुढे झाले नाही. झाले असते तर ते परत फिरले असते. आईच्या जागेवर बसून त्यांनी दार ओढून घेतलं.

"चालव," ते मला म्हणाले. "गियर घासलास तर बघ."

आई मागे बसली, माझ्या वह्यांच्या जागी. अंगावर घरातलंच लुगडं, कारण चांगलं ट्रंकेत अडकलेलं. मी हायवेला लागले. ट्रक अंगावर येत होते, उसाच्या मळ्यांतून मध्येच सायकली बाहेर पडत होत्या, आणि मी खांदे आवळून मागच्या समालोचनाची वाट बघत होते. ते काही सुरू होईना. मी आरशात पाहिलं. आई मान एका बाजूला टाकून, तोंड उघडं ठेवून, गाढ झोपली होती. हातात धानाची जुडी तशीच. इतक्या वर्षांत ती गाडीत झोपलेली मी कधी पाहिली नव्हती.

आत्तीच्या दारात गाडी थांबवली आणि मी हॉर्नकडे हात नेला. आबांनी माझं मनगट धरलं.

"नको. झोपू दे तुझ्या आईला."

त्यांनी खिशातून सोन्याची पानं काढली, टोपी नीट केली आणि भिंतीला हात लावत लावत आत गेले. आतून आत्तीचा बारीक आवाज आला, "आलास? आज हॉर्न न्हाई वाजला रं?" आबा काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. मी इंजिन बंद केलं, खाचेतला स्क्रू ड्रायव्हर काढून पर्समध्ये टाकला आणि आई उठेपर्यंत तिथेच बसून राहिले.